घरातल्या ब्रोमेलियाडवरची कीड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुझमानिया, व्रीशिया, एक्मिया, निओरेजेलिया, बिलबर्जिया, क्रिप्टँथस आणि मातीविना वाढणारी टिलँडसिया ही सगळी ब्रोमेलियाड कुळातली झाडं. आपला अननसही याच घरातला. पुण्यात ही झाडं बहुधा हॉलमध्ये, बंद गॅलरीत किंवा ऑफिसच्या टेबलावर असतात आणि तशी कमी कटकटीची असतात. कीड लागली की मात्र गुलाब-जास्वंदीचे उपाय यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. यांच्या पानांवर सूक्ष्म खवले असतात आणि झाड पाणी व अन्न बरंचसं त्यांतूनच शोषतं. शिवाय पानांच्या तळाशी मधोमध जो पेला तयार होतो, त्यात तुम्ही जे ओताल, ते तिथेच दिवसेंदिवस साचून राहतं. म्हणून आधी नीट बघा, मग हाताने स्वच्छ करा आणि तरीही भागलं नाही तरच औषधाची बाटली उघडा.

कीड लागली आहे की नाही, हे नक्की कसं बघायचं?

पेल्यातलं पाणी ओतून टाका, झाड खिडकीपाशी आणा आणि मोबाईलचा टॉर्च लावा. पहिल्यांदा पानांची बेचकी बघा, म्हणजे पान खोडाला जिथे मिठी मारतं ती जागा. निम्म्याहून जास्त वेळा कीड तिथेच सापडते आणि वरून बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. बाहेरचं एखादं जुनं पान हळूच खाली ओढून आतली बाजू तपासा. मग पानांची खालची बाजू तळाकडून टोकाकडे बघत जा. पानाखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी किंवा फुलकिडे आहेत, नुसते पडून राहिले तर धूळ. शेवटी कुंडी उचलून खालची भोकं बघा. भोकाशी पांढरा कापूस दिसला तर मुळांतही कीड आहे असं समजा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग हाताशी असू द्या. दोनेकशे रुपयांचं साधं भिंगही चालतं, आणि त्यामुळे अंदाजाने केलेल्या कितीतरी फवारण्या वाचतात.

पुण्यात कुठल्या महिन्यात काय शोधायचं हेही ठरलेलं आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हवा कोरडी असते, तेव्हा लाल कोळी आणि खवले कीड. जून ते सप्टेंबर डासांच्या अळ्या, मातीतली चिलटं आणि गॅलरीत गोगलगाई. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की पिठ्या ढेकूण (मिलीबग). खवले कीड आणि पिठ्या ढेकूण घरात तसे बाराही महिने तग धरतात, फक्त वाढीचा वेग कमीजास्त होतो.

पानांवर पांढरी पूड किंवा पांढरे पट्टे आहेत. ही भुरी आहे की कीड?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. एक्मिया फॅसिआटाच्या पानांवरचे रुपेरी पट्टे आणि टिलँडसियाची राखाडी झळाळी म्हणजे वर सांगितलेले पानाचे स्वतःचे खवलेच. पट्टे पानाच्या आडवे, सारख्या अंतरावर आणि सगळ्या पानांवर असतील तर ते झाडाचंच रूप आहे. ते पुसू नका. एकदा पुसलेली रुपेरी पूड त्या पानावर पुन्हा येत नाही, नुसता हिरवा डाग उरतो.

कीड असेल तर ती पुंजक्यांत, एकाच बाजूला किंवा बेचक्यात असते. टूथपिकने हलवली की कापसासारखी सुटून येते.

पेल्याच्या कडेला पांढरी, खरखरीत रेघ दिसत असेल तर तो क्षार. बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालणाऱ्या घरांत ती हमखास दिसते.

बेचक्यात कापसासारखे पुंजके आहेत आणि पान चिकट लागतं. काय करू?

हे पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. मऊ, लंबगोल, तीन-चार मिलिमीटरचे, अंगावर मेणाची पूड. ते रस शोषतात आणि साखरेसारखा चिकट द्रव टाकतात. त्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते आणि मुंग्या लागतात. मेणामुळे पाणी किंवा पाण्यातलं औषध त्यांच्या अंगावरून घसरून जातं. म्हणूनच ‘तीनदा फवारलं तरी जात नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते.

आधी झाड इतरांपासून दूर ठेवा. पेला रिकामा करा. झाड नुसतं उलटं केल्याने तळचं पाणी निघत नाही, त्यासाठी सुई काढलेली २० किंवा ५० मिलिलिटरची सिरिंज वापरा. मग मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एका झाकणात घ्या, त्यात इअरबड बुडवा आणि प्रत्येक पुंजक्यावर टेकवा. पांढरी पूड क्षणात विरघळते आणि खालचा गुलाबी-करडा किडा उघडा पडतो. तो त्याच बोळ्याने उचलून घ्या. इअरबड सतत बदला, नाहीतर अंडी एका बेचक्यातून दुसऱ्यात जातात. जिथे इअरबड पोचत नाही तिथे बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून आत घाला.

अल्कोहोल पेल्यात ओतायचं नाही आणि झाडभर फवारायचंही नाही. कोवळं मधलं पान त्याने जळतं. हे काम उन्हात करू नका, आणि स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असताना तर मुळीच नको. हाताला लावायचं सॅनिटायझर पर्याय म्हणून चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन आणि सुगंध पानावर थर करून बसतात.

अर्ध्या तासाने झाड साध्या पाण्याने धुवा, पेल्यातून दोनदा पाणी काढून टाका आणि ताजं पाणी भरा.

आता खरा महत्त्वाचा भाग. हेच सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा करायचं. कापसाच्या पुंजक्यात अंडी शेकड्यांनी असतात आणि त्यातली काही प्रत्येक वेळी वाचतात. दुसऱ्या आठवड्यात काहीच दिसत नाही, म्हणून लोक थांबतात, आणि महिन्याभराने सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सलग दोन तपासण्यांत एकही किडा दिसला नाही, तरच झाड परत जागेवर ठेवा.

वरून स्वच्छ आहे, तरी झाड मलूल आहे आणि कुंडीत डुलतं. मुळांत कीड असू शकते का?

असू शकते. अननसावर येणारा पिठ्या ढेकूण मुळांवर आणि खोडाच्या तळाशी राहायला सोकावलेला आहे. झाड कुंडीतून काढा. मुळांवर, किंवा कुंडीच्या आतल्या भिंतीला, पांढरी-निळसर मेणाची भुकटी दिसेल.

ब्रोमेलियाडची मुळं मुख्यतः धरून ठेवायचं काम करतात, त्यामुळे इथे हात आखडता घ्यायची गरज नाही. कुंडीतलं जुनं मिश्रण सगळं झाडून टाका, मुळं नळाखाली धुवा, काळी-मऊ मुळं कापून काढा. मग मुळं आणि खोडाचा तळ साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि एक दिवस सावलीत सुकू द्या. जुनी कुंडी पुन्हा वापरायची असेल तर कडक गरम पाण्याने घासून घ्या. नवीन मिश्रणात झाडाच्या सालीचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, कोकोपीट एक भाग आणि पर्लाइट एक भाग पुरे. बहुतेक झाडांना पाच इंची कुंडी भरपूर होते. खोड जुन्या पातळीपेक्षा खोल पुरू नका, बेचक्यात माती गेली की झाड तिथून सडतं.

जुनं मिश्रण दुसऱ्या कुंडीत टाकायचा मोह आवरा.

साबणाचं पाणी कसं करायचं? भांड्यांचा साबण चालतो का?

भांड्यांचा लिक्विड आणि कपड्यांची पावडर नको. त्यातली तेल काढणारी रसायनं पानाचा थर उतरवतात. शेती औषधांच्या दुकानात पोटॅशियम साबण मिळतो. गुलटेकडी मार्केट यार्डाच्या आसपास अशी दुकानं बरीच आहेत. तो लेबलवरच्या प्रमाणात घ्या. नसेल तर बिनसुगंधी, सौम्य लिक्विड सोप एका लिटरला ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा.

पाणी जड असेल तर साबण त्यातल्या कॅल्शियमशी जोडला जाऊन चोथा होतो आणि किडीवर काहीच काम करत नाही. खराडी, वाघोली, बावधन अशा भागांतल्या ज्या सोसायट्या टँकर-बोअरवर चालतात, तिथे साबणाचं पाणी आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात करा. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र साबणालाही नको आणि ब्रोमेलियाडला पाणी म्हणूनही नको. गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात.

साबण कीड ओली झाली तरच मारतो, वाळल्यावर त्याचा असर उरत नाही. त्यामुळे बेचक्यापर्यंत पोचेल असं भिजवा, वीसेक मिनिटांनी धुऊन काढा.

पानावर तपकिरी-काळे ठिपके आहेत, नखाने खरवडले की निघतात. हा रोग आहे का?

खरवडून निघतो तो रोग नव्हे, ती खवले कीड, म्हणजे स्केल. बुरशीचा डाग पानाच्या आत असतो, निघत नाही. ब्रोमेलियाडवरची ही सगळ्यात चिवट कीड, म्हणून जरा सविस्तर.

दोन तऱ्हा असतात. मऊ खवल्याची कीड फुगीर, तपकिरी असते आणि पान चिकट करते. कवचवाली कीड चपटी असते आणि चिकटा अजिबात टाकत नाही, त्यामुळे मुंग्याही येत नाहीत आणि महिनोन्महिने लक्षात येत नाही. अननसाची खवले कीड गोल, करडी-पांढरी, साधारण दोन मिलिमीटरची असते. दुसरी एक अगदी बारीक काळी, पानावर माशी बसून गेल्यासारखे ठिपके दिसणारी. ठिपक्याच्या जागी पानाच्या दुसऱ्या बाजूला पिवळा डाग पडलेला असतो, आणि तो कीड गेल्यावरही कायम राहतो.

कवच टूथपिकच्या टोकाने उचलून बघा. खाली पिवळा, ओलसर जीव दिसला तर कीड जिवंत, कवच पोकळ आणि कोरडं निघालं तर मेलेली. उपचारानंतर मेलेली कवचं पानाला तशीच चिकटून राहतात. ती दिसतात म्हणून लोक पुन्हा पुन्हा फवारत बसतात आणि कीड मेलेली असताना झाड जाळतात. म्हणून दर वेळी चार-पाच कवचं उचलून तपासा.

उपचाराची सुरुवात ब्रशने. गुळगुळीत पानांच्या गुझमानिया, व्रीशियावर लहान मुलांचा मऊ टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून तळाकडून टोकाकडे घासा, दुसऱ्या हाताने पानाला खालून आधार द्या. रुपेरी एक्मियावर ब्रश नको, पूड निघेल. तिथे एकेक ठिपका टूथपिकने उचलावा आणि जागेवर अल्कोहोलचा इअरबड टेकवावा. वेळ लागतो, पण पान शाबूत राहतं. फारच लागण झालेली बाहेरची दोन-चार पानं तळापासून काढून टाकली तर निम्मं काम तिथेच संपतं.

अंड्यातून निघालेली पिल्लं एक-दोन दिवस चालतात, मग एका जागी बसून कवच करतात. साबण त्यांना मारतो तो फक्त याच दिवसांत. ती कधी चालताहेत हे कळायला पानाच्या तळाशी पारदर्शक चिकटपट्टीची उलटी गुंडाळी करा, चिकट बाजू बाहेर. पट्टीवर पिवळे कण दिसू लागले की साबणाची फवारणी धरा आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चारदा करा. कवचवाल्या किडीला पूर्ण घालवायला दोन-तीन महिने लागतात. ‘एका फवारणीत साफ’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पान धुळकट, फिकट झालं आहे आणि बारीक जाळी दिसते.

लाल कोळी. आठ पायांचे, अर्ध्या मिलिमीटरचे, नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखे. पातळ पानांच्या गुझमानियावर जास्त. एसीच्या झोतात किंवा उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेलं झाड हमखास सापडतं. तापमान तिशीच्या पुढे असेल तर त्यांची नवी पिढी साधारण आठवडाभरात तयार होते.

इथे पाणी हेच औषध. बाथरूममध्ये हँडशॉवरने पानांची खालची बाजू दोन मिनिटं जोरात धुवा. तीन दिवस रोज, मग तीन आठवडे दर चौथ्या-पाचव्या दिवशी. नुसतं हलकं फवारल्याने जाळी ओली होते, कोळी जात नाहीत. तरी राहिले तर ८० टक्के पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही संध्याकाळी आणि तापमान तिशीच्या आत असताना. एप्रिल-मेमध्ये गंधकाने पानं भाजतात. तेलाची फवारणी झालेली असेल तर मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्या. जुनी माणसं डायकोफॉल हे कोळीनाशक सुचवतील. त्यावर २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली आहे.

झाडात मुंग्या झाल्या आहेत. त्या झाड खातात का?

खात नाहीत. एकतर चिकट्यासाठी आल्या आहेत, किंवा कोरड्या कुंडीत घर केलं आहे. चिकट्याच्या मुंग्या पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि त्यांना नव्या पानावर नेऊनही ठेवतात. कीड काढलीत की मुंग्या आपणहून जातात. कुंडीतच घर असेल तर कुंडी काठापर्यंत बादलीत अर्धा तास बुडवा, मुंग्या अंडी घेऊन बाहेर पडतील.

झुरळांसाठी आणलेली बोरिक पावडर कुंडीभोवती टाकू नका. बोरॉन ब्रोमेलियाडला मानवत नाही, आणि पाण्याबरोबर ते आत जातं.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात.

ती ओल्या कोकोपीटमध्ये वाढतात. केळ्यांवर घोंगावणारी ती वेगळी. पेल्यात पाणी असताना मिश्रणालाही रोज पाणी घालणं हे यामागचं मुख्य कारण असतं. वरचा तीन सेंटिमीटर थर कोरडा होऊ द्या, कुंडीत एक पिवळा चिकट सापळा खोचा. अळ्या किती आहेत हे बघायला बटाट्याची चकती मिश्रणावर दाबून ठेवा, दोन दिवसांनी उचला. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या चिकटलेल्या दिसतील. पुष्कळ असतील तर मिश्रण बदलणं सगळ्यात स्वस्त.

पेल्यात डासांच्या अळ्या होतात. डेंग्यूची भीती खरी आहे का?

खरी आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या थोड्याशा पाण्यात अंडी घालतो. गुझमानियाच्या पेल्यातलं अर्धी वाटी पाणी त्याला पुरतं. निओरेजेलियाचा तर मधला पेलाच नव्हे, प्रत्येक पानाचं बेचकं पाणी धरतं. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घराघरांत डासांची पैदास तपासतात, तेव्हा कूलर आणि कुंडीखालच्या बशा बघितल्या जातात, हे पेले मात्र नजरेतून सुटतात.

अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पेला दर चार-पाच दिवसांनी रिकामा करायचा. नुसतं वरून पाणी वाढवणं उपयोगाचं नाही. अंडी पाण्याच्या कडेला, पानाच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. नळीने किंवा पिचकारीने जोरात पाणी मारून बेचकी धुवा, झाड कलतं करून ओता, तळचं सिरिंजने ओढून घ्या. जून ते ऑक्टोबर पेल्यात दोन सेंटिमीटरच पाणी ठेवा.

गावाला जाणार असाल तर पेला पूर्ण रिकामा करून मिश्रण ओलसर ठेवा, झाड दहा-बारा दिवस सहज काढतं. गॅलरीत खूप झाडं असतील तर बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक पेल्यात चालतं, ते झाडाला अपाय करत नाही. रॉकेल, खोबरेल तेल, फिनेल, मीठ यातलं काहीही पेल्यात नको.

कडुनिंबाचं तेल किती आणि कसं वापरायचं?

गुळगुळीत पानांवर, जपून. ५ मिलिलिटर तेलात आधी २ मिलिलिटर सौम्य लिक्विड सोप घोटा, मग थोडं थोडं करत एक लिटर कोमट पाणी घाला. दुधाळ रंग यायला हवा. वर तेलाचे थेंब तरंगत असतील तर ते फवारू नका, जिथे थेंब बसेल तिथे पान भाजेल. एका झाडाला पाव लिटर पुरतं, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका.

आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. फवारताना झाड आडवं धरा म्हणजे तेल पेल्यात उतरणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेला धुवा. टिलँडसिया आणि रुपेरी पानांच्या एक्मियावर कुठलंच तेल नको. खवल्यांवर थर बसला की झाडाचं पाणी पिणंच बंद होतं.

बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड मारलं तर?

झाड मरेल. ही दोन्ही तांब्याची बुरशीनाशकं आहेत आणि तांबं ब्रोमेलियाडला विषारी आहे. द्राक्ष-डाळिंबावर रोज वापरली जाणारी ही औषधं दुकानदार सहज हातात देतो, म्हणून नाव सांगून नकार द्या. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणीही या झाडांना घालू नये. तांबं मिसळलेली सूक्ष्म अन्नद्रव्यांची खतं पेल्यात टाकणं हीसुद्धा तीच चूक.

काहीच चालत नाही. रासायनिक औषध कोणतं घेऊ?

पिठ्या ढेकूण आणि मऊ खवल्यांसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल, लिटरला ०.३ मिलिलिटर. हे इन्शुलिनच्या सिरिंजने मोजा, झाकणाने नाही. लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. द्रावण पेल्यात नाही, ओलसर मिश्रणात घाला, पाच इंची कुंडीला १०० ते १५० मिलिलिटर. हातमोजे घाला, मुलं आणि मांजरं दूर ठेवा. झाडाला फूल असताना देऊ नका, मधमाश्यांना घातक आहे. खायच्या अननसाला तर नकोच.

दोन ठिकाणी हे औषध वाया जातं. कवचवाल्या खवले किडीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, कारण ती पानातल्या अन्नरसाच्या नळ्यांतून रस पीत नाही. आणि लाल कोळी त्याने मरत नाहीतच, उलट कधी कधी वाढतात. म्हणून कीड ओळखल्याशिवाय ‘सगळ्यावर चालणारं’ औषध मागू नका.

कुणी कुंडीत फोरेटचे दाणे, म्हणजे थिमेट, टाकायला सांगितलं तर ऐकू नका. अतिजहाल विष आहे आणि २०२० अखेरपासून देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. डायक्लोरव्हॉसचंही तेच.

मिलीबगसारखीच पण मोठी, पांढरी झिपरी अळी भराभर चालताना दिसली. तीही मारू?

नाही! ती क्रिप्टोलीमस या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असू शकते. सेंटिमीटरभर लांब, अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या, आणि चपळ. पिठ्या ढेकूण असा कधीच धावत नाही. ही अळी पिठ्या ढेकणांवरच जगते. १८९८ मध्ये हा भुंगेरा मुद्दाम भारतात आणला गेला आणि आता बागांमधून आपला आपण गॅलरीपर्यंत येतो. ती दिसली तर त्या झाडावर अल्कोहोल, साबण, काहीच वापरू नका, तिला तिचं काम करू द्या. केसासारख्या बारीक देठावर उभी असलेली पांढरट-हिरवी अंडी दिसली तर तीही राहू द्या. ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या मित्रकिडीची.

मावा, फुलकिडे, गोगलगाय?

मावा कोवळ्या फुलदांड्यावर येतो, नळाखाली धुतला की जातो. फुलकिडे पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक कण ठेवतात, साबणाच्या दोन-तीन फवारण्या पुरतात. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचाव्यात. दिवसा त्या कुंडीच्या बुडाशी सापडतात.

फूल आल्यानंतर झाड वाळत चाललं. कुठली कीड?

कुठलीच नाही. ब्रोमेलियाडचं एक झाड एकदाच फुलतं, मग काही महिन्यांत वाळतं आणि तळाशी पिल्लं देतं. पिल्लू आईच्या एक तृतीयांश उंचीचं झालं की वेगळं करा. फक्त पानांची टोकं तपकिरी होत असतील तर पाण्यातले क्षार, पानाच्या मधोमध कोरडा भुरा चट्टा असेल तर ऊन. मधलं पान ओढताच हातात आलं आणि वास आला तर कुजणं. ते पावसाळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात पेला काठोकाठ भरून ठेवल्याने होतं.

नर्सरीतून नवीन झाड आणलं की काय करावं?

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आणा, उरुळी कांचनच्या नर्सरीतून आणा किंवा ऑनलाइन मागवा, तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि दर आठवड्याला वर सांगितल्याप्रमाणे बेचकी तपासा. विकत घेतानाच पेल्यातलं पाणी ओतून आत टॉर्च मारून बघा. चांगला नर्सरीवाला याला हरकत घेत नाही.

मंडईतून आणलेल्या अननसाचा शेंडा रुजवायचा असेल तर त्यालाही हाच नियम. खालची दहा-पंधरा पानं सोलून काढा, शेंडा साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, धुवा, तीन-चार दिवस सुकवा आणि मग लावा. घरातल्या गुझमानियाला पिठ्या ढेकूण या वाटेनेही लागतो, आणि त्या शेंड्यावर कुणाचा संशय जात नाही.

झाड वाचणार नाही, हे कधी ठरवायचं?

मधला कोंब शाबूत असेल तोवर प्रयत्न करा. तीन महिने नेटाने उपचार करूनही प्रत्येक नव्या पानावर कवचवाली कीड येत असेल, किंवा फुलून गेलेल्या झाडावर पिल्लांपेक्षा कीडच जास्त असेल, तर मोठ्या झाडाचा हट्ट सोडा. सगळ्यात स्वच्छ दिसणारं एक पिल्लू धारदार सुरीने थोडं खोड राखून कापा, त्याची बेचकी अल्कोहोलच्या इअरबडने पुसा, साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा आणि नव्या मिश्रणात, वेगळ्या खोलीत लावा. बाकीचं झाड मिश्रणासकट पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नका, तिथून मुंग्या कीड उचलून खालच्या जास्वंदीपर्यंत नेतात.